भिंगरी गेला

चहाचं पातेलं गॅसवर चढवून सून साखरेचा डबा शोधत होती, तेवढ्यात मागच्या दाराची कडी कुणीतरी हलकेच वाजवली. तिला नवल वाटलं. सकाळपासून घराला माणसांचा वेढा पडला होता, पण येणारा प्रत्येक जण पुढच्या अंगणातून येत होता. मागच्या बोळात कचऱ्याच्या पेट्यांशिवाय काही नव्हतं.

तिने दार उघडलं. नवरा उभा होता. अंगातला बस ड्रायव्हरचा शर्ट उलटा घातलेला. शिवणी बाहेर, खिसे आत.

"दार लाव," आत शिरत तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला कळलं ना? भिंगरी गेला. अप्पांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. बरं झालं लवकर आलात, जरा त्यांच्याजवळ बसा बघू."

तो हलला नाही. फ्रिजला पाठ टेकून उभा राहिला. हात अंगापासून लांब धरलेले, ओले असावेत तसे, पण ते कोरडेच होते.

"माझ्या बसखाली गेला तो," तो म्हणाला.

तिला ते वाक्य आधी कळलंच नाही. बसखाली काय गेलं, कोण गेलं? मग उलट्या शर्टावर आतून उमटलेला डाग तिला दिसला. मागे चहा उतू जाऊन शेगडी विझली. वास आला तेव्हा तिने धडपडत जाऊन बटण बंद केलं.

"कुणाला माहितीये?"

"पोलिसांना. डेपोत. पोलिसांनी जबाब घेतला, बस ठेवून घेतली आणि मला सोडलं. चार वाजता परत हजर व्हायला सांगितलंय." त्याने अंगणाच्या दिशेने मान केली. बाहेरून माणसांचा गुणगुणाट येत होता. "हे सगळे इथे असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाय वळले घराकडे, एवढंच."

इथे नसतील तर कुठे असतील? भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पोरवयात पायाला भिंगरी लावल्यासारखा गल्लीभर उंडारायचा म्हणून पडलेलं नाव. पुढे तो देशातला सगळ्यात मोठा सायकलपटू झाला, परदेशातल्या डोंगरांवरच्या शर्यती मारून आला, तरी वर्तमानपत्रांनी तेच नाव चालू ठेवलं. आईवडील तो लहान असतानाच गेले. वाढवलं त्या मावशीलाही जाऊन वर्षं झाली. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, जी मला चढावर मागे टाकेल तिच्याशी करतो. त्यामुळे तो गेल्यावर सांत्वनाला जायचं तरी कुणाकडे, तर अप्पांकडे. शाळेत खेळ शिकवणाऱ्या अप्पांनी याच अंगणात त्याला पहिल्यांदा शर्यतीच्या सायकलवर बसवलं होतं. चाहत्यांच्या लेखी हे अंगण म्हणजे त्याचं माहेर.

आणि त्याच अंगणात, त्याच्याच बरोबर, अप्पांनी आपल्या पोरालाही, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही, सायकलवर बसवलं होतं. दोघं एकाच वयाचे. पोरगा मेहनती होता, पण भिंगरी वेगळाच होता. एका मोठ्या शर्यतीत भिंगरी पहिला आला, अप्पांनी त्याला खांद्यावर घेतला, मिरवत नेला, आणि त्या गडबडीत आपला पोरगा अजून मागे रस्त्यावर आहे हे ते विसरले. पोरगा उशिरा पोचला तेव्हा तिथे फक्त दोऱ्या गुंडाळणारी माणसं उरली होती. त्यानंतर तो शर्यतीच्या सायकलवर बसला नाही. गल्लीतल्या जुन्या माणसांना हा किस्सा तोंडपाठ होता. चेष्टेत सांगायचे, हसायचे. तोही हसायचा.

आज ती चेष्टा कुणाला आठवली तर?

"आतल्या खोलीत जा," ती म्हणाली. "पलंगावर बसा आणि बाहेर येऊ नका. मी अप्पांना बोलावते."

"नको. त्यांना नको."

"मग काय करणार? चार वाजेपर्यंत लपून बसणार?"

तो आत गेला. तिने उरलेला चहा कपांत ओतला, ट्रे उचलला आणि चेहरा होईल तितका सरळ करून बाहेर आली.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी भिंगरीच्या संघाचे निळे टीशर्ट घातलेले, कुणी कामावरून तसेच उठून आलेले. सायकली कुंपणाला, झाडाला, एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मध्ये खुर्चीवर अप्पा बसले होते आणि कुणी हात हातात घेतला की नुसती मान हलवत होते. त्यांच्या शेजारी सलूनवाला उभा होता. चाहत्यांच्या मंडळाचा म्होरक्या तोच. दर शर्यतीच्या आधी चुन्याची बादली घेऊन चढावाच्या रस्त्यावर भिंगरीचं नाव रंगवणारा. आज त्याचे डोळे रडून सुजले होते आणि आवाज बसला होता, पण तो गप्प बसत नव्हता.

"शहर बस होती," तो फोनवर वाचून सांगत होता. "वळणावर दाबला त्याला. आणि ऐका, ड्रायव्हरला सोडला! जबाब घेतला आणि सोडला!"

"सोडला कसा?"

"नाव काय त्याचं?"

"नाव दाबून ठेवलंय. पण कळेल. नाव कळू दे फक्त, मग बघतो कोण सोडतो त्याला."

ती एकेकापुढे ट्रे धरत होती. कप बशीवर खडखडत होते. सलूनवाल्याने कप घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी, आपला गडीपण बसवरच असतो ना? त्याला माहीत असणार कोण होता ते. आहे कुठे तो?"

"ड्युटीवर," ती म्हणाली.

"फोन लावा की."

"लागत नाहीये."

"थांबा, मी लावतो." त्याचा अंगठा स्क्रीनवर फिरला. ती नको म्हणायच्या आत आतल्या खोलीतून फोनची घंटी वाजली.

आवाज काही फार मोठा नव्हता. पण दारापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला. सलूनवाल्याने फोन कानापासून दूर केला आणि दाराकडे पाहिलं. आत घंटी दोनदा वाजून तुटली.

"घरीच विसरून गेलेत," ती म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय असं तिला झालं. "हे त्यांचं नेहमीचंच."

"विसरून गेला, मग कापला कुणी?"

"बॅटरी गेली असेल. काल रात्री चार्जिंगला लावलीच नव्हती."

सलूनवाला क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग कुणीतरी गेटपाशी हुंदका देऊन कोसळलं, सगळे तिकडे धावले आणि त्याचंही लक्ष गेलं. तिने अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अप्पा, आत चला. गोळीची वेळ झाली."

"राहू दे आज."

"चला म्हणते ना."

तिच्या स्वरात काय होतं कोण जाणे. अप्पा उठले.

आतल्या खोलीत मुलगा पलंगाच्या कडेला बसला होता. फोन त्याच्या मुठीत गच्च धरलेला. अप्पांनी आधी त्याच्याकडे आणि मग उलट्या शर्टाकडे पाहिलं. सुनेने दार लोटून कडी घातली.

"अप्पा," तो म्हणाला, "ती बस माझी होती."

अप्पा उभेच राहिले. बाहेर कुणीतरी भिंगरीच्या नावाची घोषणा दिली आणि अंगणभर तिचा पडसाद उठला. तो विरला. मग अप्पांनी विचारलं, "मुद्दाम?"

सुनेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की शब्द तोच होता. कुणी थोबाडीत मारल्यावर माणूस आधी गोंधळतो, तसा तो बघत राहिला. सकाळपासून पोलिसांनी इतकं विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला.

"मी विचारतोय तुला."

"अप्पा!" सुनेला राहवलं नाही. "काय बोलताय हे? तुमचा मुलगा आहे तो!"

"म्हणूनच विचारतोय. बाहेर हेच विचारणार आहेत."

"त्यांचं सोडा," मुलगा म्हणाला. "तुम्ही त्यांच्यासाठी विचारलं नाहीत."

अप्पांनी नजर खाली वळवली. मुलगा बोलू लागला, जमिनीकडे बघत, जबाब देताना सांगितलं असेल तसंच.

"रोज सकाळी तो माझ्याच रस्त्यावर सरावाला असायचा. उतारावर माझी बस गाठायचा आणि पुढे जाताना पत्र्यावर थाप मारायचा, माझ्या खिडकीखाली. धाप लागलेली असली तरी मारायचाच. कधी ओरडायचा, 'अरे, पेडल मार की जरा!' मी हॉर्न द्यायचो. किती तरी वर्षं चाललं होतं हे."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुम्हाला काय सांगायचं? तुमच्याशी त्याच्याबद्दल बोलणं म्हणजे..." त्याने वाक्य सोडून दिलं. "आज तो मला आरशात दिसला. लांब होता. पुढे स्टॉप होता, बस आत घ्यायची होती. मी थापेची वाट बघत होतो. थाप आली नाही, म्हणून वाटलं अजून मागेच आहे. मी वळवली. आणि तो आतल्या बाजूने आला होता, माझ्या आणि फुटपाथच्या मधून. आधी कधीच यायचा नाही तिकडून. का आला, मला माहीत नाही. मी आरशात परत बघायला हवं होतं. बघितलं की नाही, तेही मला आता नक्की सांगता येत नाही."

"मग?"

"मग मी खाली उतरलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला बोलता येत नव्हतं. अॅम्ब्युलन्सला उशीर झाला." त्याने शर्टाची कड मुठीत धरली. "बस. एवढंच आहे."

अप्पा पलंगावर टेकले. मुलाच्या शेजारी, पण अंग लागणार नाही इतकं लांब. सुनेला त्या दोघांमधली ती वीतभर जागा दिसत होती. आजवर तिने या घरात भांडण असं पाहिलं नव्हतं. दोघं एकमेकांना जेवायला वाढत, बातम्यांवर बोलत, दवाखान्यात सोबत जात. आता तिला वाटलं, हे सगळं या जागेभोवती फिरूनच चाललं होतं.

बाहेर अचानक आवाज चढला. मग एकदम सगळं शांत झालं, आणि ती शांतता जास्त वाईट होती.

सलूनवाल्याचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून. "अप्पा, बाहेर या. नाव आलंय."

मुलगा उठला. "मी जातो मागच्या दाराने."

सुनेने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. मागच्या खिडकीच्या जाळीपलीकडे निळे टीशर्ट दिसले. बोळातही माणसं पोचली होती. ती परत आली, कपाटातून धुतलेला शर्ट काढून नवऱ्याच्या हातात दिला.

"हा घाला. मागून नाही जायचं. पळून जायला काय, चोरी केलीये? पुढच्या दाराने जाऊ. तिघंही."

"तू नको येऊस."

"मी येणार."

त्याने शर्ट बदलला. बटणं त्याला लावता येईनात, तिने लावली. अप्पा हे सगळं बघत होते. मग ते उठले, दाराशी गेले आणि कुणाला काही न विचारता कडी काढली.

अंगणातली माणसं दोन पावलं मागे सरली, पण वाट झाली नाही. अप्पा पायरीवर उभे राहिले.

"तुम्ही ज्याचं नाव शोधत होता तो माझा मुलगा," ते म्हणाले. "तो पोलीस चौकीत चाललाय. आम्ही बरोबर चाललोय. वाट द्या."

"अप्पा, तुम्ही बाजूला व्हा," सलूनवाला म्हणाला. "तुमच्याशी आमचं काही नाही."

"मी बाजूला होत नाही."

"हा घरात बसला होता! वहिनी आम्हाला चहा पाजत होत्या आणि हा आत बसला होता!" त्याचा आवाज फाटला. "अपघात म्हणे! अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे याच्या मनात काय होतं ते. आयुष्यभर जळला तो भिंगरीवर. तुम्हीच सांगा अप्पा, छातीवर हात ठेवून सांगा. तुमच्या मनात नाही आलं हे?"

सुनेचा हात नवऱ्याच्या दंडावर होता. तो दंड दगडासारखा घट्ट झालेला तिला जाणवला.

"आलं," अप्पा म्हणाले.

गर्दीत कुजबुज उठली.

"आलं ना. तोंडावर विचारलं मी त्याला. पोटच्या पोराला, अंगावर रक्त असताना, मी असं विचारलं. तुमच्यापेक्षा माझी काय वेगळी गत? त्याने मला जे सांगितलं ते खरं आहे. मी त्याला सायकल शिकवली, तो खोटं कसं बोलतो मला माहितीये. बाकी तो पोलिसांना सांगेल. तुम्हाला सांगायला तो बांधलेला नाही."

"वा! बापच साक्षीदार!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि एक कप हवेतून आला.

तो मुलासाठी होता, पण अप्पा मध्ये उभे होते. कप त्यांच्या भुवईवर लागला, पायरीवर पडून फुटला आणि अप्पांच्या डोळ्यावरून रक्ताची धार लागली. सून किंचाळली. मुलाने दोन्ही हातांनी त्यांना धरलं आणि त्याच क्षणी गर्दी पुढे सरकली. पुढचे थांबायला बघत होते, मागचे रेटत होते, कुंपणाजवळच्या सायकली धडाधड आडव्या झाल्या. आता आपण संपलो, असं तिला वाटलं.

"कुणी मारला रे तो?" सलूनवाला गर्रकन वळून ओरडला. "कुणी हात उचलला अप्पांवर?" त्याने पुढे आलेल्या एकाच्या छातीवर तळहात ठेवून त्याला मागे ढकललं. "सरक! मागे सरक! भिंगरीने पाहिलं असतं तर तुझ्या थोबाडात मारली असती! सरका सगळे!"

हे त्याने माफ करून केलं नव्हतं. त्याचं तोंड रागाने वेडंवाकडं झालं होतं आणि तो रडत होता. पण माणसं सरली. गेटपर्यंत एक अरुंद वाट झाली आणि त्या वाटेने तिघं निघाले. अप्पा मध्ये, एका बाजूने मुलगा, दुसऱ्या बाजूने सून, भुवईवर तिच्या ओढणीचं टोक दाबलेलं. कुणी थुंकलं. कुणीतरी तिला उद्देशून घाण शिवी दिली. ती फक्त गेटच्या खांबाकडे बघत चालत राहिली.

गेटपाशी सलूनवाला होता. त्याने नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"मी तुला कधी माफ करणार नाही."

"नको करूस," नवरा म्हणाला.

तिघं चौकीत पोचले. तिथल्या हवालदाराने अप्पांच्या कपाळाला पट्टी बांधली, मुलाला आत नेलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं. बाहेरची परिस्थिती बघता आज त्याला इथेच ठेवणं बरं, असं साहेबांचं मत पडलं. सुनेला ते शिक्षेसारखं वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. घरी जायची तिची हिंमत नव्हती. ती बहिणीकडे गेली. अप्पांना किती समजावलं तरी ते बाकावरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन आली तेव्हा ते तिथेच होते, मान भिंतीला टेकवून. मुलालाही जबाबावर सही करण्यासाठी बाहेर आणून बसवलं होतं. बसमधल्या दोन प्रवाशांचे जबाब आले होते. एकाने सांगितलं ड्रायव्हरने वळताना इशारा दिला होता, दुसरा म्हणाला वळण फार पटकन घेतलं. निकाल लागायला महिने जातील, असं हवालदार म्हणाला.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज येऊ लागला. घोषणा नव्हत्या. सायकल हाताने ढकलत नेली की मागच्या चाकातून जी बारीक टिकटिक येते, ती होती. शेकडो सायकलींची एकदम. चौकीतले शिपाई खिडकीपाशी गेले. अंत्ययात्रा याच रस्त्याने चालली होती आणि त्यात सायकलवर बसलेलं कुणीच नव्हतं. सगळे पायी, हँडल धरून. सर्वांत पुढे भिंगरीची सायकल होती, ती सलूनवाल्याने धरली होती.

अप्पा उभे राहिले, मग परत बसले.

"जा तुम्ही," मुलगा म्हणाला.

"नको. तुझ्याजवळ बसतो."

"अप्पा, जा. त्याचं दुसरं कोण आहे? मला जाता येत नाही. माझ्या वाटचंही चाला."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्याच्या मानेवर ठेवला, क्षणभर तसाच धरला, आणि पायऱ्या उतरून गेले. सून व्हरांड्यात येऊन बघत राहिली. पट्टी बांधलेला म्हातारा पाहून लोकांच्या माना वळत होत्या. कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही. कुणी हुसकलंही नाही. शेवटची रांग जाऊ दिल्यावर ते त्या रांगेमागे चालू लागले, रिकाम्या हातांनी.

दुपार उलटून गेल्यावर ते परतले. चपला धुळीने पांढऱ्या झालेल्या, ओठ सुकलेले. तिने पाणी दिलं. ते मुलाच्या शेजारी बसले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ.

"खूप लोक होते?" मुलाने विचारलं.

"खूप. पार पुलापर्यंत रांग होती."

"मला शिव्या घालत होते?"

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

अप्पांनी ग्लास खाली ठेवला. "चाललो," ते म्हणाले.